भिंतीकडे तोंड करून

निळ्या काचेवरून काच कापायची हिरकणी खालपर्यंत ओढून झाली आणि रत्नाबाई थांबल्या. काहीतरी व्हायचं राहून गेलं होतं. पहिला घास तोंडात गेल्यावर भाजीत मीठच नाही हे कळावं, तसं. हात बरोबर फिरला होता, मनगट वाकलं नव्हतं, टोक रॉकेलमध्ये बुडवून घेतलेलं होतं. पण आवाज आला नव्हता. हिरकणी काचेवर नीट चालली की एक आवाज येतो, कोऱ्या मांजरपाटावरून नख ओढावं तसा, बारीक आणि सलग. तो आला की रेघ लागली, आता काच त्या रेघेवरच तुटणार. मध्ये फाटला तर तिथं काच दगा देणार. आणि आलाच नाही तर रेघ लागलीच नाही. म्हणून त्यांनी हिरकणी पुन्हा वर नेली आणि त्याच जागेवरून दुसऱ्यांदा ओढली.

काच कापणारं माणूस असं कधी करत नाही. लागलेल्या रेघेवरून परत गेलं की रेघ चुरते, काच आतल्या आत तडकते आणि मग ती कुठं पळेल ते कुणालाच सांगता येत नाही. हे त्यांनी किती जणांना बजावून सांगितलं असेल. दुकानातल्या गड्यांना, मुलाला, नवऱ्यालासुद्धा. त्यांनी काचेखाली दोन्ही हातांची बोटं धरून अंगठ्यांनी ती वाकवली, आणि काच रेघ सोडून तिरकी, सरळ त्यांच्या डाव्या हाताकडे धावली. चित्राच्या खिडकीतल्या, कमळांच्या तळ्यातल्या पाण्याचा तो तुकडा होता. मेजावर दोन भलतेच आकार पडले. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला, मोठा झाला, निळ्या काचेवर पडून काळा दिसू लागला.

"काय फुटलं गं आई?" पुढच्या दुकानातून वृषभने, त्यांच्या मुलाने, विचारलं. ते मात्र त्यांना लख्ख ऐकू आलं.

"दुखरी होती काच," त्या म्हणाल्या.

भट्टीत नीट निवली नाही अशा काचेला दुखरी म्हणतात. ती कुठेही धरा, तुटतेच. दोष कापणाऱ्याचा नसतो. ही काच दुखरी नव्हती. याच तावातून त्यांनी गेल्या आठवड्यात तळ्याची अर्धी बाजू कापून ठेवली होती. अंगठ्याला चिंधी बांधून त्यांनी खिडकीच्या साध्या काचेचा एक टवका घेतला, कान मेजाला लावता येईल इतक्या खाली वाकल्या आणि हिरकणी ओढली. उजेडात पांढरी, केसासारखी रेघ स्पष्ट उमटलेली दिसत होती. तिचा आवाज कुठंच नव्हता. कोल्हापूरच्या गंगावेशीतून रिक्षा जात होत्या, शेजारच्या गिरणीचा पट्टा फिरत होता, पुढं वृषभ गिऱ्हाइकाला सरकत्या खिडक्यांचं माप समजावत होता. सगळं होतं, फक्त ते नव्हतं. त्यांनी आणखी एक रेघ मारली, आणखी एक. टवका रेघांनी भरून गेला, आणि त्यांना वाटलं, आपण मुक्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसलो आहोत.

कधीपासून, हे त्यांना आठवून सापडेना. माणूस म्हातारं होतं तेव्हा ज्याची त्याला चाहूल लागते, गुडघे सांगतात, डोळे सांगतात. त्यांनी डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली होती, हातांना लसणाचं तेल चोळत होत्या, जपत होत्या स्वतःला, या एका कामासाठी. कानांचं कधी मनातच आलं नाही. चिमण्या कमी झाल्यात असं त्या मध्यंतरी सगळ्यांना सांगत होत्या. मागच्या अंगणात तगरीवर चिमण्या भरून बसलेल्या असायच्या, चोची उघडत-मिटत असायच्या, आणि तरीही त्या सांगत होत्या, की चिमण्या कमी झाल्यात.

आणि हे आत्ताच व्हायचं होतं. गडहिंग्लजकडे त्यांचं माहेर. त्या गावात जैन बस्ती, म्हणजे मंदिर, नव्यानं बांधून होत आली होती, आणि दारावरची मोठी गोल खिडकी रत्नाबाईंनी करायची होती. तीर्थंकराच्या आईला पडलेली सोळा स्वप्नं, रंगीत काचेत, शिशाच्या पट्ट्यांनी सांधलेली. हत्ती झाला होता, माशांची जोडी झाली होती, चंद्र, सूर्य, रत्नांची रास. तळं अर्धं. आणि शेवटचं स्वप्न, धूर नसलेला अग्नी, तो अजून हातच न लावलेला. त्यासाठी लाल काचेचा एकच ताव होता. त्यांच्या सासऱ्यांनी कुठल्याशा संस्थानी बंगल्याच्या मोडीतून उचलून आणलेला. तसा लाल आता कुठं मिळत नाही. उजेडात धरला तर तळहातातून जाळ निघाल्यासारखा दिसतो. महापुराचं पाणी दुकानात खांद्याएवढं चढलं तेव्हा घरची कपाटं गेली, लग्नातले फोटो गेले; हा ताव माळ्यावर होता म्हणून राहिला. बस्तीच्या कमिटीतला अनेकांत, माहेरच्या भावकीतला मुलगा, काम ठरवायला आला होता तेव्हा बोलून गेला होता, "आक्का, खाली तुमचं एकटीचं नाव घालायचं. दगडात कोरून. मी सगळ्यांस्नी सांगून ठेवलंय." सदुसष्ट वर्षांच्या बाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. एवढी एक ओळ. ती ओळ कोरली जाईपर्यंत हात चालावेत, एवढंच त्या पूजेत मागत आल्या होत्या. हातच मागितले त्यांनी.

वृषभला सांगायचं म्हणजे खिडकी गेली. तो वाईट मुलगा नव्हता. पण तो आधीपासूनच म्हणत होता, की एवढं कशाला हाल करून घेतेस, सोनल कॉम्प्युटरवर सोळाच्या सोळा स्वप्नं काढून देईल, चिकट कागदावर छापून काचेला लावू, वर एवढ्या उंचीवर कोण हात लावून बघतंय. सोनल ही त्याची बायको. वृषभ हे बोलत असताना ती मान खाली घालून चहा गाळत असे. हो म्हणत नसे, नाही म्हणत नसे.

चष्म्याचा नंबर बघून येते असं घरी सांगून त्या राजारामपुरीत गेल्या. गल्लीत एकावर एक क्लासच्या पाट्या, मधल्या मजल्यावर कानाचा दवाखाना. तपासणारी मुलगी तरुण होती, तेजस्वी नावाची, बोलायला मोकळी. तिने त्यांना एका लहानशा खोलीत बसवलं. खोली कसली, उभं कपाटच. भिंतींना मऊ, भोकाभोकांचं अस्तर. कानांवर दोन वाट्या चढवल्या आणि खुर्ची भिंतीकडे वळवली. "माझ्याकडं बघायचं न्हाई हां आक्का, भिंतीकडंच तोंड. आवाज आला की बोट वर करायचं. बोलायचं न्हाई."

दार लागलं. आणि त्या अस्तराकडे बघता बघता रत्नाबाईंच्या एकदम ध्यानात आलं, हे शब्द त्यांना पाठ होते. हीच परीक्षा त्यांनी वयाच्या अठराव्या वर्षी दिली होती. लग्न होऊन आल्या तेव्हा दुकान चार खणांचं होतं, पुढे देवादिकांच्या तसबिरी, मागे काचकामाचं मेज. नवरा बाहुबली चौकटी करायचा. काच मामंजींच्या हातात. मामंजी म्हणजे सासरे, आदगोंडा मगदूम. जिल्ह्यातल्या किती बस्त्यांच्या भिंती आणि छतं त्यांनी आरशांच्या तुकड्यांनी मढवली होती त्याला गणती नाही. माणूस उग्र. बोलायचे ते गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. पण गंगावेशीत हळू बोलतंय कोण, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. एका सकाळी त्यांनी सुनेला हाक मारली. ती पदर सावरून दाराआड उभी राहिली. "आत ये. तुला शिकवतो," मामंजी म्हणाले. सासू चुलीपुढून बघत राहिली. बाईमाणसाला मेजाजवळ आजवर कुणी नेलं नव्हतं. "त्या भिंतीकडं तोंड कर. कपची उडती, डोळ्यात जाईल. माझ्याकडं बघायचं न्हाई. आवाज ऐकायचा. आला तर मान हलवायची. बोलायचं न्हाई, बोललं की आवाज मोडतो."

मग पाठीमागे हिरकणी चालायची. कोऱ्या मांजरपाटावरून नख. त्या मान हलवायच्या, आणि क्षणभराने टक्कन काच तुटायची, सुटसुटीत, एखादा सांधा मोकळा व्हावा तशी. आवाज फाटला तर त्या मान हलवत नसत. मग मामंजी ती रेघ सोडून दुसरीकडून घेत. दिवसच्या दिवस असे भिंतीकडे तोंड करून गेले. पोपडे धरलेली, चुन्यात नीळ घालून पांढरी केलेली भिंत. तिच्यावरचे डाग त्यांना अजून आठवतात, एक डाग बदकासारखा होता. पाय भरून यायचे. पण मन कसं भरलेलं असायचं. या उग्र माणसाने, घरात दोन मुलगे असताना, आपल्याला निवडलं. आपल्या कानात काहीतरी आहे हे त्याने ओळखलं. पुढे वर्षभरात हिरकणी हातात आली ती त्यांनी चोरून, दुपारी सगळे आडवे झाल्यावर, टवक्यांवर गिरवून. पण पाया तो होता, भिंतीपुढचा. आयुष्यभर कुणी विचारलं, आक्का तुम्ही हे कुठं शिकलात, की त्या सांगत, मामंजींनी शिकवलं. कान आधी शिकवला, मग हात आपोआप आला. हे सांगताना आवाज नेहमी थोडा ओला व्हायचा.

त्यांनी बोट वर केलं. मग थोड्या वेळाने पुन्हा. आवाज येत होते, दूरच्या शिट्टीसारखे, मग बारीक होत होत कुठेतरी बुडून जात होते. ते बुडाले तरी त्या अंदाजाने बोट वर करत राहिल्या. आता आला असेल. आता. दार उघडलं आणि तेजस्वी हसत आत आली.

"आक्का, फसवताय व्हय मला? मी आवाज सोडलाच न्हाई, तरी बोट वर. माझ्याकडं सगळं दिसतंय की."

त्याही हसल्या. दार परत लागलं. आणि त्या मऊ काळोख्या शांततेत, एकही आवाज येत नसताना, ते वाक्य त्यांच्यापाशी परत आलं. माझ्याकडं सगळं दिसतंय की. अर्थातच. परीक्षा घेणाऱ्याला उत्तर माहीत असतं. म्हणून तर ती परीक्षा. मामंजींनी कधी एकदा तरी म्हटलं होतं का, की चुकलीस? त्या आठवू लागल्या. एवढी वर्षं, हजारो रेघा. एकदासुद्धा नाही. आणि त्या चुकल्या होत्या. पहिलं मूल जन्मून दुसऱ्या दिवशी गेलं, त्यानंतर एकदा भिंतीपुढे उभ्या होत्या आणि मन भलतीकडेच होतं. मागे रेघ ओढली गेली की नाही हेही त्यांना कळलं नाही, सवयीने मान हलली. बेल्जमचा मोठा आरसा होता. तो मेजभर फुटला. त्या वाट बघत उभ्या राहिल्या, आता हे आभाळ कोसळणार म्हणून. मामंजी काहीच बोलले नाहीत. खाली बसून तुकडे वेचत राहिले. ते गप्प राहणं रत्नाबाईंनी किती वर्षं माया म्हणून जपून ठेवलं होतं. सुनेचं दुःख कळलं, म्हणून गप्प बसले. आता त्या मऊ भिंतीसमोर तो वाकलेला म्हातारा त्यांना दुसऱ्याच बाजूने दिसला. तो गप्प होता कारण आवाज आला होता की नव्हता हे त्यालाही माहीत नव्हतं. दोष सुनेच्या मानेचा की स्वतःच्या हाताचा, हे कळायला त्याच्याकडे काही साधनच नव्हतं. तो बहिरा होता.

एकदा हे दिसल्यावर मग सगळंच, शिवण उसवल्यासारखं, भराभर सुटत गेलं. समोरच्याच्या तोंडाकडे रोखून बघायची मामंजींची रीत, जिला सगळे करारीपणा म्हणत. बस्तीत प्रवचनाला कधी न बसणं, बाहेर खांबाला टेकून बसणं. घरातला रेडिओ विकून टाकला तो, कटकट होते म्हणून. ते गल्लीभर ओरडणं. काच कापणाऱ्याचे कान गेले हे बाहेर कळलं असतं तर एका दिवसात काम दुसऱ्याकडे गेलं असतं. मुलगे चौकटीतच अडकलेले, त्यांना सांगायला जीभ धजत नसेल. मग घरात एक नवी सून आली. पदराआड वावरणारी, मान वर न करणारी, प्रश्न न विचारणारी. तिला काही शिकवलं नाही त्यांनी. तिचे कान वापरले. गळक्या हौदाला चिंधी लावतात तशी ती तिथं लावली, आणि तिला सांगितलं, की तुला शिकवतो.

आणि मग ते दुसरं आठवलं. ते आठवू नये म्हणून त्यांनी डोळे घट्ट मिटले, बोट वर केलं, खाली केलं.

सुनेने सासऱ्यापुढे तोंड उघडायचं नाही असा तो काळ. हवं-नको सासूमार्फत जायचं. पण भिंतीकडे तोंड असलं की समोर सासरा नसतो, भिंत असते. तिथं बोलता येतं हे रत्नाबाईंना हळूहळू सापडलं. फार नाही, एखादं वाक्य. मागून उत्तर यायचं, "व्हय, व्हय." कृष्णाकाठच्या एका मोठ्या बस्तीचं काम चाललं होतं. त्यातली माशांची जोडी रत्नाबाईंची होती. रेखाटन त्यांचं, तुकडे त्यांनी कापलेले, खवल्यांचा उतार कसा धरला म्हणजे दिवा हलताना मासे पोहल्यासारखे दिसतील हे त्यांच्याच डोक्यातलं. मामंजींना काम दिसत होतं, ते अडवत नव्हते. एका सकाळी, भिंतीवरच्या बदकाकडे बघत, त्यांनी सगळं बळ एकवटून म्हटलं, "मामंजी, ह्या माशांखाली माझं नाव घालशीला?" मग मामंजींचा आवाज, नेहमीचा, जाडा. "व्हय, व्हय."

त्या दोन शब्दांवर त्यांनी ते मासे पुरे केले. घरात कुणाला सांगितलं नाही. उद्घाटनाला नवी साडी नेसून बायकांच्या घोळक्यात उभ्या राहिल्या, आणि दरवाजाशेजारच्या संगमरवरावर वाचलं, काचकाम : आदगोंडा व बाहुबली मगदूम, कोल्हापूर. परत वाचलं. वाचायला आणखी काही नव्हतं. त्या दिवसानंतर त्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या, मान हलवत राहिल्या, पण आत एक कपची राहून गेली. दरवर्षी दशलक्षण पर्व संपलं की क्षमावणीला घरातले सगळे एकमेकांपुढे हात जोडायचे. वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल तर क्षमा करा. मामंजी सुनेपुढेही हात जोडायचे, थोर मनाने, सगळ्यांदेखत, आणि तिच्या ओठांकडे बघत राहायचे. त्या "उत्तम क्षमा" म्हणायच्या. ओठांनी म्हणायच्या. आत म्हणायच्या, ह्याची नाही. मामंजी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं रत्नाबाईंनीच केलं. शेवटच्या दिवशी त्यांनी हात जोडले होते, बोटं धड जुळतही नव्हती. तेव्हाही रत्नाबाईंनी ओठच हलवले. शब्द दिला आणि मोडला, एवढं एक त्यांनी त्या माणसाच्या खाती चाळीस वर्षं धरून ठेवलं. त्याच रागाने तर त्या पुढे गेल्या. रंगीत काच शिकल्या, शिसं वितळवायला शिकल्या, बाहुबली गेल्यावर स्वतः पाटीवर नाव लावून बसल्या. आणि त्या माणसाने प्रश्न ऐकलेलाच नव्हता. पाठीमागून कुणी हळू आवाजात काही बोललं, एवढंच त्याला पदराच्या हलण्यावरून दिसलं असेल, आणि तो घाबरून नेहमीचं उत्तर बोलला असेल. तिने मागितलंही नव्हतं, त्याने दिलंही नव्हतं. भिंतीशी बोलली होती ती.

तेजस्वीने कागदावर उतरती रेघ काढून दाखवली. बारीक, उंच आवाज आधी जातात, ते गेलेत. समोरून बोललेलं कळेल. पाठमोऱ्या माणसाचं निसटेल. मशीन लावून बघू म्हणाली आणि ते त्यांच्या कानात बसवलं. रत्नाबाईंनी पिशवीतून टवका आणि हिरकणी काढली, तिच्या स्वच्छ टेबलावरच रेघ मारली. कानातल्या मशीनमधून एसटीने ब्रेक दाबावा तसलं काहीतरी आत घुसलं, पाठोपाठ पंख्याचं, कागदाचं, स्वतःच्या बांगडीचं. तेजस्वी खुर्चीतून उठलीच होती. "आवाज आला न्हवं?" तिने विचारलं. आला होता. कुठल्याही काचेचा तो नव्हता. त्यांनी मशीन काढून तिच्या तळहातावर ठेवलं.

पुढचे दिवस त्या मेजापाशी बसून होत्या. नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी बघू म्हणून टवके कापत राहिल्या. काही सरळ तुटायचे, काही पळायचे, आणि कुठला का पळाला ते कळायचं नाही. लाल ताव भिंतीला टेकवून ठेवला होता. दुपारचं ऊन त्यातून येऊन त्यांच्या पायांवर पडायचं, पाय भाजल्यासारखे दिसायचे. अग्नीला सात ज्वाळा होत्या, सगळ्या वळणाच्या, सरळ रेघ एकही नाही. एक पळाली की अग्नी गेला. अनेकांतचा फोन आला, बस्तीच्या प्रतिष्ठेची, पंचकल्याणकाची तारीख धरलीय, आक्का, कुठवर आलंय? झालंय की, त्या म्हणाल्या. अग्नी तेवढा राहिलाय.

सोनल चहा घेऊन मागे यायची आणि कप ठेवून लगेच जायची नाही, हे त्यांना पहिल्यांदाच जाणवलं. ती लाल तावाकडे बघत उभी राहायची. लग्न होऊन आली तेव्हा हिने विचारलं होतं, आई, मला शिकवाल का. एकदा नव्हे. रत्नाबाईंनी दर वेळी काहीतरी सांगून टाळलं. ह्याला कान लागतो बाई, तो उपजत असावा लागतो. खरं म्हणजे मेज त्यांना कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. एवढ्या वर्षांनी एकटीचं झालेलं मेज. सोनलने विचारणं सोडलं. कॉम्प्युटरवर फुलं, मोर, समईच्या रांगा काढून कागदावर छापू लागली, आणि ते कागद लोकांच्या न्हाणीघरांच्या काचांवर चिकटले. रात्री कधी कधी तिचा तो पडदा उघडा राहिलेला असायचा. त्यावरच्या मोरांना नीट मान नसायची. रत्नाबाई बघून पुढे जायच्या.

तिला खरं सांगायचं त्यांनी ठरवलं. तीन शब्दांचं तर वाक्य. मला ऐकू येईना. तू माझ्याशेजारी उभी राहा, तू ऐक, मी कापते, आपण दोघी मिळून करू आणि खाली दोघींची नावं घालू. हे सगळं त्यांनी आंघोळ करताना, फुलं वेचताना, मनात नीट जुळवलं. त्यात काही अवघड नव्हतं. सोनल कोणाला सांगणार नाही म्हणाली असती तर तिने सांगितलंही नसतं. पण सांगितलं असतं तर? वृषभला काळजी वाटली असती. वृषभने अनेकांतला फोन केला असता, अगदी मायेने. आणि दोघींची नावं. संगमरवरावर ते "व" हे एक अक्षर त्यांना पुन्हा दिसू लागलं, दोन नावांच्या मधलं, बारकं, दारात उभं राहिलेल्या माणसासारखं.

सोनल कप उचलायला आली.

"सोनल."

"काय आई?"

समोरून बोलली, म्हणून स्पष्ट ऐकू आलं. तिच्या हाताला छपाईच्या शाईचा निळा डाग होता.

"हे सगळं माझ्यामागं कोण करणार गं?" रत्नाबाई म्हणाल्या. हे त्या म्हणणार नव्हत्या. "तुझं कान चांगलं हायत. मी बघतीय किती दिवस. उद्या सकाळी लवकर आवरून ये मागं. तुला शिकवते."

कप तिच्या हातात बशीवर थरथरू लागला, तो त्यांना दिसला, खुळखुळला असेल. आणि मग तिच्या तोंडावर जे उमटलं ते त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी ओळखलं. अठरा वर्षांच्या मुलीच्या तोंडावर दाराआड ते उमटलं होतं तेव्हा तिच्यासमोर आरसा नव्हता. ते एका म्हाताऱ्याला तेवढं दिसलं होतं. ते बघूनही तो थांबला नव्हता. आता त्यांना कळलं, ते बघून तर थांबता येत नाही.

सकाळी सोनल देवपूजा उरकून आली. फोन बंद करून बाहेर ठेवला, ओढणी कमरेला खोचली. रत्नाबाईंनी लाल ताव मेजावर आडवा टाकला, टोक रॉकेलमध्ये बुडवलं. तिला कुठे उभं राहायचं ते दाखवलं. महापुराची मळकट रेघ त्या भिंतीवर अजून होती, किती रंग दिले तरी वर येणारी. ती नेमकी सोनलच्या हनुवटीसमोर आली. कपची उडते, डोळ्यात जाईल, त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघायचं नाही. आवाज आला तर मान हलवायची.

"आणि फाटल्यासारखा आला तर?" सोनलने मागे वळून विचारलं.

"तर नाही हलवायची. तोंड तिकडं."

पहिली ज्वाळा त्यांनी खालून वर घेतली. हिरकणी मुक्यानेच चालली. वळणावर त्यांचा श्वास थांबला, हात थांबला नाही. रेघ काठाला पोचली आणि त्यांनी वर बघितलं. वेणीच्या वर मान, मानेवर कोवळे केस. थोडा वेळ काही झालं नाही. मग मान हलली, एकदा, ठाम. त्यांनी काचेखाली बोटं नेली, अंगठे दाबले. ज्वाळा अलगद सुटून त्यांच्या हातात आली, धारदार, अख्खी. तिच्या तुटण्याचा आवाज त्यांना सोनलच्या खांद्यांवरून कळला. ते दचकले होते.

दुसरी ज्वाळा. मान. तिसरी. चौथीला मान हलली नाही. त्यांनी ती रेघ सोडली, काठाकडून नवी घेतली, आणि मान हलली. मुलीला खरोखरच कान होते. दहा-बारा वर्षं हे कान याच घरात चहा गाळत होते.

त्या पाचवीसाठी हिरकणी बुडवत होत्या तेव्हा त्यांना दिसलं, की सोनलच्या कानाखाली जबडा हलतोय. भिंतीकडे तोंड करूनच ती काहीतरी बोलत होती. हळू. थांबत थांबत. ओढणीचं टोक मागे घेतलेल्या दोन्ही हातांत पिळलं जात होतं. लांबलचक काही नव्हतं, एखादं वाक्य असेल. मग जबडा थांबला आणि सोनल ताठ, अगदी स्थिर उभी राहिली, पाठीनेच वाट बघत.

हिरकणीच्या टोकावरून रॉकेलचा थेंब मेजावर पडला. मेजाला वळसा घालून जायला चार पावलं लागली असती. तिला खांद्याला धरून आपल्याकडे वळवायचं, आणि म्हणायचं, परत बोल बाई, समोरून बोल. रत्नाबाईंनी लाल तावाकडे बघितलं. तीन ज्वाळा राहिल्या होत्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. आपला आवाज किती लहान निघाला, किती मोठा, हे त्यांना कळेना, म्हणून पुन्हा, जरा जोरात म्हणाल्या, "व्हय, व्हय."

सोनलचे खांदे सैल झाले. तिने ओढणी सोडली, डोळ्यांवरून हात फिरवला आणि मान सरळ केली. रत्नाबाईंनी हिरकणी काचेवर टेकवली.